दाढेतला समुद्र

दंतवैद्याने आईची शेवटची दाढ कापसाच्या बोळ्यात गुंडाळून लेकीच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "ही घ्या आठवण. हिरड्यांनी दगा दिला, दाढेने नाही." तो हसला, त्याची मदतनीस हसली, आणि तोंडात कापूस कोंबलेली आईसुद्धा खुर्चीत पडल्या पडल्या डोळ्यांनी हसली. लेक तेवढी हसली नाही. दात हातात घ्यायचे म्हणजे तिला काही नवं नव्हतं. तिचा पगारच त्याचा होता. पण तिच्याकडे येणारे दात हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांचे असत, थंड, कोरडे, मातीच्या रंगाचे, आणि ते उचलताना तिचं मन कधी इकडचं तिकडे झालं नव्हतं. ही दाढ ऊन होती. कापसातूनसुद्धा ऊब तळव्याला लागत होती. तिने घाईघाईने मूठ मिटली आणि आईला उठवायला दुसरा हात पुढे केला.

टॅक्सीत आई खिडकीला डोकं टेकून बसली होती, रुमाल तोंडाशी धरून, आणि जन्मात पहिल्यांदाच गप्प होती. एरवी हिला गप्प करायचं म्हणजे दाताच्या कण्या कराव्या लागत. बाहेर दुकानांची शटर वर जात होती, कुणी काचा पुसत होतं, सिग्नलला माणसं थांबत होती आणि सुटत होती. तिची मूठ पर्सच्या आत होती. न बघता अंगठ्याने ती दाढ चाचपत होती, आणि न बघताच तिला कळलं होतं: खालचा जबडा, डावी बाजू, दुसरी दाढ. ही सवय हातातून जात नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईचा हात हातात आला तरी अंगठा मनगटाची हाडं मोजू लागतो. दुसरी दाढ, ती मनाशी म्हणाली, म्हणजे हिचं कवच साधारण तिसऱ्या वर्षी तयार व्हायला लागतं आणि सात-आठव्या वर्षी पुरं होतं. आणि मग तिचा अंगठा थांबला. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत. नेमकी तीच वर्षं. आईच्या समुद्राची.

लोक तिला विचारत, दिवसभर हाडांत बसून भीती नाही वाटत? ती म्हणे, जिवंत माणसांची वाटते. खरं म्हणजे तिला हाडांपेक्षा दातांचं अधिक कौतुक होतं, कारण हाड हे तसं बिनइमानी. जुनं झिजत जातं, नवं भरत जातं. एखाद्या गावात दहा-पंधरा वर्षं काढली की माणसाची हाडंही त्या गावची होऊन बसतात. दात तसा नाही. त्याच्यावरचं एनॅमल लहानपणी एकदा तयार झालं की पुढे बदलत नाही. ज्या विहिरीचं पाणी ते पोर प्यालं, ज्या मातीतलं अन्न खाल्लं, त्या दगडमातीतला स्ट्रॉन्शियम नावाचा धातू कणाकणाने त्यात बसतो. प्रत्येक मुलखाचा स्ट्रॉन्शियम वेगळा. डोंगरातला निराळा, किनाऱ्यावरचा निराळा. मग ते पोर मोठं होऊन जगाच्या पाठीवर कुठेही जाऊन मरो, दात सांगतो ते कुठलं. फक्त त्यासाठी दाताचा एक तुकडा कापून, आम्लात विरघळवून, मशीनमध्ये घालावा लागतो. तो तुकडा परत मिळत नाही. प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या मुलांना ती पहिल्याच दिवशी बजावत असे, "प्रश्न विचारला की दात कमी होतो. तेव्हा प्रश्न नीट विचारा."

गेल्याच वर्षी तिने एका बाईचा दात असाच कापला होता. एका जुन्या दफनभूमीत सापडलेली बाई. गळ्यात शिंपल्यांची भरगच्च माळ, तळहाताखालीही एक मोठा शंख. उत्खनन करणाऱ्या सगळ्यांनी तिला दर्याची लेक ठरवून टाकलं होतं. चित्रकाराने तर तिचं चित्रही काढलं, मागे लाटा घालून. दात म्हणाला, ही डोंगरातली. हिच्या बालपणाला समुद्राचा थेंबसुद्धा लागलेला नाही. तिचं ते संशोधन चांगलं गाजलं, परिषदेत टाळ्या पडल्या, आणि मशीन चालवणारा तिचा जुना सहकारी, ज्याला सगळे मशीनवालाच म्हणत, तो माळवालीची पेटी कपाटात ठेवताना म्हणाला होता, "काय खोटारडी बाई! मेली तरी मिरवत होती." तेव्हा ती पोट धरून हसली होती. हसतील त्यांचे दात दिसतील. तिचे दिसले होते. आज टॅक्सीत ते हसू तिला आठवलं आणि तिने ओठ मिटले.

आईचा समुद्र म्हणजे मावशीचा समुद्र. आई तीन-चार वर्षांची असताना तिच्या आईला मोठं दुखणं आलं, म्हणून तिला किनाऱ्यावरच्या गावी मावशीकडे ठेवलं, आणि आठवं लागल्यावर परत आणलं, अशी ती कहाणी. मावशीला मूलबाळ नव्हतं. खिडकी उघडली की समोर समुद्र. खिडकीच्या गजांवर मीठ धरायचं आणि मावशी ते ओल्या फडक्याने पुसायची. अंथरुणाच्या पायथ्याशी कायम वाळू. मावशी ओल्या हातांनी दोन वेण्या घालायची, इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. आणि पोर रडायला लागलं की म्हणायची, "आधी पाणी पी, मग रड." हे वाक्य लेकीच्या स्वतःच्या बालपणात इतकं मुरलेलं होतं की गुडघा फुटो, परीक्षेत नापास होवो, पुढे एक लग्न मोडो, आई आधी पाण्याचा पेला पुढे करायची. आणि गंमत अशी की पाणी पिता पिता रडण्यातला अर्धा जोर निघून जायचा. "माय मरो पण मावशी जगो," असं आई स्वतःच्या आईच्या फोटोसमोर बिनदिक्कत म्हणायची. आपल्याला आजी नावाची जी काही माया मिळाली ती या न पाहिलेल्या बाईकडून, असं लेक धरून चालली होती. तिच्याही वेण्या तशाच घट्ट घातल्या गेल्या होत्या.

आणि मग मागच्या महिन्यात मामा आला. आईपेक्षा बराच धाकटा, बडबड्या, जेवताना टिंगल करणारा. आईने नेहमीप्रमाणे खिडकीच्या मिठाची गोष्ट काढली, तर तो ताटात बघत राहिला. ही गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही. निघताना ती त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली, तेव्हा तो एक पायरी खाली उतरून थांबला.

"ताईच्या त्या समुद्राचं फार मनावर घेऊ नकोस हं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"अगं, घरात तेव्हा खायचे वांधे होते. तिला अनाथ मुलींच्या संस्थेत ठेवली होती. पार डोंगरापलीकडे. समुद्र कुठला आलाय तिथे!"

"आणि मावशी?"

मामाने कठड्यावरून हात फिरवला. "आमच्या आईला बहीणच नव्हती गं. जाताना आईनेच मला सांगितलं हे सगळं. फार रडली. मी ताईला कधी बोललो नाही. आपलेच दात, आपलेच ओठ."

तो गेला, आणि ती जिन्यात उभी राहिली. आता मामाही तेव्हा जन्मला नव्हता, त्याचंही ऐकीवच. मरणाऱ्या माणसाचं बोलणं, त्यात पश्चात्ताप, त्यात ज्वर. पुरावा म्हणून ती असलं काही चालवून घेणार नाही. पण त्या दिवसापासून तिच्या एक लक्षात आलं होतं आणि ते डोक्यातून जात नव्हतं. मावशीचे हात होते, आवाज होता, फडकं होतं, वेण्या घालायची तऱ्हा होती, पण आईच्या इतक्या वर्षांच्या सांगण्यात मावशीचा चेहरा कधीच आला नव्हता. सांगाडा पुरा, कवटी तेवढी नाही. असा सांगाडा समोर आला तर ती पहिल्यांदा विचारेल, हा खरा एकाच माणसाचा की जमवून मांडलेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घरी आल्यावर तिने आईला अंथरुणावर टेकवलं, गालाला बर्फाची पिशवी लावली आणि दाढ स्वयंपाकघरात नेऊन धुतली. नंतर कोरडी करून एका छोट्या बाटलीत ठेवली. टेबलावर फोन वाजला. मशीनवाल्याचा निरोप होता. उद्याच्या फेरीत एक नमुना कमी पडलाय, जागा रिकामी जाते आहे, तुझं काही घालायचंय का? तिने फोन पालथा ठेवला. योगायोगावर तिचा विश्वास नव्हता, पण बाटलीवर होता, आणि बाटली समोर होती. एक तुकडा, नखाएवढा. त्यातून मावशी होती की नव्हती हे निघणार नाही हे खरं. पण समुद्र होता की नव्हता ते निघेल. आणि समुद्र नसेल तर मावशीही उभी राहणार कशावर? तिला स्वतःचं नवल वाटत होतं. तिला सत्याची भीती वाटत होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. भीती वाटत होती ती उद्या संध्याकाळी या खोलीत परत येण्याची. आई गजांवरच्या मिठाबद्दल बोलेल, आणि आपण तिच्याकडे माळवालीकडे बघतो तसं बघू. एकदा तसं बघितलं की मग पुन्हा साधं बघता येत नाही. आणि न कापावी, तरी मामाचं वाक्य जिन्यातून वर येऊन घरात बसलंच आहे. तिला कधी नव्हे ते एकटं वाटलं.

संध्याकाळी आईची जीभ सैल झाली. गाल सुजून एका बाजूला लिंबाएवढा झाला होता, तरी ती उशीला टेकून ऐटीत बसली होती.

"काय गं हाडवैद्य," आई म्हणाली. हे तिचं लाडाचं नाव. "दाढ कुठे टाकलीस?"

"आहे. ठेवलीय."

"ठेवलीयस? की कापायचीय?"

तिने चादर आईच्या पायांवर ओढली. आयुष्यभर आईला परिषदेची भाषणं वाचून दाखवली होती. आता ताकास तूर लागू द्यायची नाही म्हटलं तर जमणार कसं? आईला दात कापून काय कळतं हे तिच्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं पाठ होतं.

"कापू का?" शेवटी तिने विचारलं.

आई चादरीच्या कडेची सुरकुती बोटाने सरळ करत राहिली. मग म्हणाली, "मामा काही बोलला वाटतं."

"बोलला."

"बोलणारच. पोटात काही राहायचं नाही त्याच्या, लहानपणापासून." आईने बर्फाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "काप हो. मेल्यावर कुणी कापण्यापेक्षा तूच काप. तुझ्या कामाला आली तर सोनं झालं तिचं." आणि जरा थांबून, भिंतीकडे बघत, आई म्हणाली, "फक्त काय निघालं ते मला सांगू नकोस."

म्हणजे आईला माहीत होतं? की आईलाही माहीत नव्हतं, आणि इतकी वर्षं ती झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून धरून बसली होती? ती विचारायला वळली. आईने डोळे मिटून घेतले होते. झोप आली होती असं नव्हे.

सकाळी प्रयोगशाळेत ती सगळ्यांच्या आधी पोचली. कोट चढवला, हातमोजे घातले, दिवा लावला. बाकी टेबलं अजून झाकलेली होती आणि कोपऱ्यातलं थंड पाण्याचं यंत्र आपल्याशीच गुरगुरत होतं. दाढ तिने मेणाच्या तुकड्यावर रोवली. म्हातारी दाढ, वरचा भाग झिजून सपाट झाला होता. चावून चावून आईने आपली सुरुवातीची वर्षं केव्हाच संपवली होती. राहिलं होतं ते खालचं, हिरडीकडचं, म्हणजे त्या कहाणीतलं पुढचं. कापायच्या आधी बघायचं हा तिचा नियम होता, आणि बघायचं म्हणजे आधी नखाने. तिला शिकवणाऱ्या बाई म्हणत, डोळ्याला उजेड फसवतो, नखाला कोण फसवणार? तिने एक हातमोजा काढला. अंगठ्याचं नख झिजलेल्या कडेपासून हळूहळू खाली आणलं.

नख अडकलं.

अगदी बारीक, केसाएवढा खळगा, दाढेला आडवा वळसा घालून गेलेला. तिने दिवा तिरपा केला, भिंग ओढलं. रेघ होती. अशा रेघा तिने शेकडो पाहिल्या होत्या. पोर वाढत असताना काही काळ त्याला खायला मिळालं नाही, किंवा मोठा आजार झाला, की शरीर एनॅमल बनवायचं थांबवतं, जगायचं बघतं. तो थांबा दातावर रेघ होऊन राहतो. तक्त्यात ती अशा रेघेपुढे 'ताण' असा शब्द लिहीत असे आणि पुढच्या दाताकडे वळत असे. रेघेच्या जागेवरून वयही काढता येतं. तिने काढलं. चार वर्षं, फार तर साडेचार. चार वर्षांची एक मुलगी, जिच्या अंगाने दात घडवणं सोडून दिलं होतं. ती मुलगी काल गाल सुजवून हाडवैद्य म्हणत होती. हे तिला एकदम सोसेना. भिंगाची काच धूसर झाली, तेव्हा तिला कळलं की आपण रडतो आहोत, आणि ती उठून खरोखरच यंत्रापाशी जाऊन पेलाभर पाणी प्याली.

परत येऊन बसली तेव्हा नख रेघेखाली ठेवलं आणि आणखी खाली नेलं. कुठे अडकलं नाही. तिने दुसऱ्या बाजूने नेलं, मागून नेलं. गुळगुळीत. भिंगाखाली ते एनॅमल दाट आणि चकचकीत होतं, काचेच्या गोटीसारखं, थेट मुळाच्या कडेपर्यंत. पाचवं, सहावं, सातवं वर्ष. ज्या घरात खायचे वांधे, तिथलं पोर असं घडत नाही. आणि बेवारशी पोरांच्या गर्दीत, जिथे कुणी कुणाला विचारत नाही, तिथलंही सहसा नाही. त्या वाईट वर्षानंतर कुणीतरी या मुलीला जेवू घातलं होतं. कुणीतरी ती आजारी पडली तेव्हा उशाशी बसलं होतं. समुद्रापाशी की डोंगरापलीकडे, नात्याचं की पगारी, हे नख सांगत नव्हतं. पण हात खरे होते. ते ओले हात, वेण्या घालणारे, ते कुणाचे तरी होते.

"घालायचंय का काही?" दारातून मशीनवाल्याने विचारलं. तो नुकताच आला होता, छत्री अजून काखेत. "जागा रिकामी आहे म्हणून म्हटलं. कुणाचाय हा?"

तिने समोर पाहिलं. भिंतीलगतच्या कपाटात खालून दुसऱ्या फळीवर माळवालीची पेटी होती. ती त्या पेटीकडे बघत राहिली आणि तिला प्रथमच एक साधी गोष्ट सुचली, जी परिषदेत कुणालाच सुचली नव्हती. त्या बाईला पुरलं ते तिच्या माणसांनी. ती डोंगरातली हे त्यांना ठाऊक असणार. बोलीवरून कळत असणार, लहानपणीच्या गोष्टींवरून कळत असणार. तरी त्यांनी तिच्या गळ्यातली माळ काढून घेतली नव्हती. उलट हाताखाली एक शंख ठेवला होता. आणि आपण तिला खोटारडी म्हणून हसलो.

"घरचाय," ती म्हणाली. "जागा दुसऱ्या कुणाला दे."

"अगं, पण कापायला तर घेतलायस ना?"

"बघायला घेतला होता. बघून झालं."

मशीनवाला खांदे उडवून गेला. तिने दाढ मेणातून सोडवली, पुसली, बाटलीत घातली आणि बाटली पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मग उरलेला दिवस तिने तक्ते भरण्यात घालवला. 'ताण' हा शब्द लिहिताना प्रत्येक वेळी हात जरा थबकत होता, आणि रेघेखाली काय आहे ते ती पुन्हा एकदा बघून घेत होती.

घरी पोचली तेव्हा आई खिडकीशी खुर्ची टाकून बसली होती. सूज उतरली होती. खाली रस्त्यावर माणसं कामावरून परतत होती आणि समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता. तिने बाटली आईच्या मांडीवर ठेवली. आईने ती उजेडाकडे धरली, हलवली, आत दाढ खुळखुळली.

"आख्खी आहे की," आई म्हणाली. "कापली नाहीस?"

"नाही."

"का? ब्लेड मोडलं?"

"न कापताच दिसलं."

बाटलीचं झाकण घट्ट होतं तरी आई ते पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. "काय?"

"तू म्हणाली होतीस सांगू नकोस."

"म्हणाले होते. आता विचारतेय ना?"

ती खाली, खुर्चीपाशी बसली. "चार वर्षांची असताना तुझे फार हाल झाले, आई. खायला नव्हतं, नाहीतर आजारी होतीस. पण त्यानंतर कुणीतरी तुला फार नीट वाढवलं. चांगली तीन-चार वर्षं. जेवूखाऊ घातलं, दुखलंखुपलं पाहिलं."

"रोज?" आईने विचारलं.

असं छातीठोकपणे सांगता येत नाही, हे जिभेवर आलं होतं. "रोज," ती म्हणाली.

आईचे ओठ, आता आत काहीच आधार नसलेले, हलायला लागले. ती उठली, पाणी आणलं, पेला आईच्या हातात दिला. आईने दोन्ही हातांनी धरून सगळं पाणी संपवलं, आणि मग रडली, पण थोडंसंच, पदराने टिपण्यापुरतं. रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. बऱ्याच वेळाने आईने बाहेर बघतच विचारलं, अगदी हळू, लहान मुलाने विचारावं तसं:

"कशी होती गं ती दिसायला?"

ती दचकली. मग तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि ज्या बाईने शब्द शब्द मोजून अहवाल लिहिले, ती पुराव्याची पर्वा न करता बोलायला लागली. "सावळी होती," ती म्हणाली. "हात नेहमी ओले. आणि उंच होती, चांगली उंच."

"छे!" आई एकदम म्हणाली. तिने मान वळवली. डोळ्यांत पाणी होतं, पण कपाळावर स्पष्ट आठी पडली होती, चुकीचं सांगणाऱ्या मुलीवर पडते तशी. "उंच कुठली? बुटकी होती. खिडकीची वरची कडी लावायला स्टूल लागायचं तिला. ते डुगडुगायचं." आईने पेला खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढे करून हवेत काहीतरी घट्ट धरलं. "मी धरून उभी राहायचे."